बेल्ट नवा, मार्का जुळलेला, तरी गाडी ओढत नाही: एका दाताचा घोळ

हे सविस्तर लिहून राहिलो कारण गेल्या दीड वर्षात टाइमिंग बेल्ट एक दात चुकून बसायचा प्रॉब्लेम माझ्याच गाडीत तीनदा झाला, मग भाच्याच्या मित्राच्या गाडीत चौथ्यांदा, आणि पहिल्या वेळी गॅरेजवाल्याचं वाक्य होतं, "भिया, मार्का तो मिला के ही डाला है." मिला के डाला होता हे खरंच होतं. तरी टाइमिंग चुकलेलं होतं हेही खरंच होतं. (टाइमिंग बेल्ट म्हणजे क्रँकवरून, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावरून, कॅमला, म्हणजे व्हॉल्व्हच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याला, फिरवणारा दातेरी पट्टा. मार्का म्हणजे दोन्हींच्या पुलींवरच्या कंपनीच्या खुणा.) दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं ते डोक्यात शिरायला मला अख्खा पावसाळा लागला.

गाडी म्हणजे १९९७ ची मारुती ८००, कार्बुरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. बाबांनी घेतलेली म्हणून विकवत नाही, बाकी काही कारण नाही. टाइमिंग बेल्टच्या कडेचे धागे सुटायला लागले होते तेव्हा घराजवळच्या एका गॅरेजात बदलून घेतला. गाडी परत आली तेव्हा सेल्फ थोडा जास्त वेळ मारावा लागत होता, पण इंदूरच्या आत चालून राहिली होती, सकाळी छप्पन दुकानला पोहे खाऊन यायचं, राजवाड्याकडे एखादी चक्कर, एवढ्यात काय कळणार. मग आई आणि मावशीला घेऊन ओंकारेश्वरला निघालो आणि भेरू घाटात गाडीने मान टाकली. जिथे ती तिसऱ्यात कुरकुरत का होईना चढायची तिथे दुसऱ्यातही दम लागलेला, मागे ट्रकवाले हॉर्न मारून राहिलेत, आणि मावशी म्हणते, "अरे, आम्ही उतरून चालू का?" इंदूरजवळ पिथमपूरला गाड्यांसाठी ११.३ किलोमीटरचा मोठा टेस्ट ट्रॅक आहे, आमची टेस्ट मात्र भेरू घाटातच होते.

तर लक्षणं अशी. स्टार्टिंग जड, खालच्या आरपीएमला जीव नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी आवाज वाढतो आणि गाडी नंतर विचार करते, पेट्रोल जास्त, इंजिन नेहमीपेक्षा गरम. आयडलिंग मात्र ठीकठाक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं बेल्ट बदलल्याच्या *दिवसापासून*. हळूहळू वाढलेलं असेल तर कार्बुरेटर, प्लग, फिल्टर बघा. एका दिवसात झालं असेल तर त्या दिवशी ज्याने जिथे हात घातला तिथेच बघायचं, मी हे न करता आधी कार्बुरेटर दोनदा साफ करून घेतला आणि पैसे घालवले.

एक दात म्हणजे नक्की किती चूक, याचा हिशोब एकदा करून बघा म्हणजे "एक दात इधर उधर चलता है" हे वाक्य परत ऐकून घेणार नाही. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फेरा, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा दुप्पट दात असतात. समजा कॅमला ४० आणि क्रँकला २०. एक दात म्हणजे कॅमवर ३६० भागिले ४०, ९ डिग्री, आणि क्रँकच्या भाषेत त्याचे १८ डिग्री. दात कमी जास्त असतील तर आकडा थोडा इकडे तिकडे, पण १८-२० डिग्रीच्या आसपासच. इग्निशन, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, दोन-चार डिग्री हललं तरी गाडी कुरकुर करते, इथे व्हॉल्व्ह अठरा डिग्री उशिरा उघडबंद होऊन राहिलेत. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की पिस्टन वर येताना आत घेतलेली हवा थोडी परत बाहेर ढकलतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं, म्हणून खालच्या आरपीएमला ओढ जाते. वर फिरवली की त्यातल्या त्यात बरी वाटते, म्हणूनच गॅरेजवाला न्यूट्रलमध्ये रेस मारून दाखवतो आणि म्हणतो देखो एकदम मक्खन.

आता जी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली ती आधी सांगतो. ज्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटून देणारा भाग) कॅमवरून फिरतो तिथे कॅम उशिरा म्हणजे स्पार्कही तेवढाच उशिरा. मेकॅनिक काय करतो, गाडी ओढत नाही म्हणाल्यावर डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून त्याला अ‍ॅडव्हान्सकडे, म्हणजे स्पार्क लवकर पडेल असा, फिरवतो, स्पार्क जागेवर येतो, गाडी थोडी सुधारते, आणि सगळे खूश. पण व्हॉल्व्ह जिथे होते तिथेच. माझ्या गाडीत बोनट उघडून डिस्ट्रिब्युटरचा स्लॉट पाहिला तर बोल्ट स्लॉटच्या पार टोकाला टेकलेला, बेल्ट बदलायच्या आधी तो जवळपास मध्यात असायचा. हे बघायला एक पानाही लागत नाही. तुमच्याकडे डिस्ट्रिब्युटरवाली गाडी असेल आणि तो अचानक एका टोकाला गेलेला दिसला तर पुढचं सगळं वाचायच्या आधीच समजा की कॅमचं टाइमिंग संशयात आहे. नव्या गाड्यांत, जिथे क्रँक आणि कॅम दोन्हीला सेन्सर आहेत, तिथे स्कॅनरवर पी००१६ कोड येतो, म्हणजे कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही. पण तो कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलत सुटू नका, आधी कव्हर उघडून मार्क बघा.

दुसरा पुरावा कॉम्प्रेशनचा. सगळे प्लग काढा, कॉइलची वायर काढून बाजूला गाडीच्या बॉडीला अर्थ करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि गेज लावून सेल्फ मारा. माझ्याकडे १२८, १३०, १२७ पीएसआय आले. तिन्ही कमी पण तिन्ही सारखे. रिंगा झिजल्या असत्या किंवा एखादा व्हॉल्व्ह जळला असता तर तिघांत एवढी एकी सहसा दिसत नाही. सगळे एकदम सारखेच पडलेत आणि तेही बेल्टच्या कामानंतर, तर कॅम उशिरा.

मग मी स्वतः करायचं ठरवलं आणि दुसरी चूक माझ्या हातून झाली, तीही मोठ्या हुशारीने. कुठेतरी ऐकलं होतं की जुना बेल्ट काढायच्या आधी पुलीवर आणि बेल्टवर व्हाइटनरने रेघा मारायच्या, मग जुन्या बेल्टवरचे दात मोजून त्या रेघा नव्या बेल्टवर उतरवायच्या, मार्क शोधायची गरजच नाही. ही युक्ती चांगली आहे, मी अजूनही वापरतो. पण ती युक्ती म्हणजे कॉपी आहे, आणि पुढच्या बाकावरच्याने उत्तर चूक लिहिलेलं असेल तर तुमचंही चूकच येणार. गॅरेजवाल्याने एक दात चुकवून बसवला होता, मी मन लावून, दात दोनदा मोजून, तीच चूक नव्या बेल्टवर उतरवली. संध्याकाळी गाडी सुरू केली तर अगदी तशीच. शेजारचे काका खुर्ची टाकून बघत बसले होते, म्हणाले, "चला, निदान बिघडली तर नाही." म्हणून व्हाइटनरच्या रेघा फक्त तेव्हाच जेव्हा जुन्या बेल्टवर गाडी खरोखर चांगली चालत होती. शंका असेल तर कंपनीच्याच खुणा, दुसरं काहीच नाही.

आता त्या खुणा. माझ्या गाडीत कॅम पुलीवरची खूण तिच्या मागच्या खाचेसमोर यायला हवी, आणि खाली क्रँकच्या आतल्या छोट्या दातेरी पुलीवरचा टिंब ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या बाणासमोर. खालची खूण तेल आणि धुळीच्या थराखाली असते, कपडा आणि थोडं रॉकेल घेऊन घासल्याशिवाय दिसत नाही, न घासता जे दिसतं ते बऱ्याचदा ओरखडा असतो. भाच्याच्या मित्राने इथेच घोळ केला होता. बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या मोठ्या पुलीवर, जिच्यावर फॅन बेल्ट चालतो, एक खाच असते आणि कव्हरवर आकडे असतात. ते इग्निशन टाइमिंग बघण्यासाठी, स्ट्रोब लाइटने. त्या आकड्यांत शून्याची रेघही असते आणि ५ आणि १० चीही, आणि माणूस जी ठळक दिसेल ती पकडतो. बेल्टचं काम करताना बाहेरची पुली उतरवायचीच असते, मग आतल्या पुलीची स्वतःची खूण बघायची. त्याने बाहेरची दहाची रेघ जुळवून कॅमची खूण वर आणली होती आणि दिवसभर हैराण होता की मार्क तर बरोबर आहे यार.

आणि बघायचं कसं हेही महत्त्वाचं. कॅमची पुली मागच्या खुणेच्या बऱ्यापैकी पुढे असते, मधे हवा. तुम्ही बोनटवरून वाकून तिरके बघाल तर अर्धा दात इकडे किंवा तिकडे दिसणारच, घड्याळाचा काटा बाजूने पाहिला की वेळ वेगळी दिसते तसं. मोबाइल पुलीच्या बरोबर समोर, मध्याच्या उंचीवर धरून फोटो काढा आणि मग मोठा करून बघा. माझी मान जिथे शिरत नाही तिथे मोबाइल शिरतो.

तिसऱ्या वेळी दोन्ही मार्क एकदम टकाटक जुळवले, बेल्ट चढवला, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) कसला, हाताने फिरवून पाहिलं तर कॅम एक दात मागे. परत केलं, परत तेच. मला वाटलं बेल्टच चुकीचा आला, जुना आणि नवा शेजारी ठेवून दात मोजले, सारखे. हे मोजणं तसं नेहमीच करावं, दुकानातून भलताच बेल्ट येऊ शकतो, आणि दातांचा आकारही बघावा, गोल की चौकोनी. पण इथे गडबड दुसरीच होती, ढील चुकीच्या बाजूला राहत होती.

बेल्टकडे तोंड करून उभे राहा. इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं (जुन्या होंडाची बरीच इंजिनं उलटी फिरतात, तिथे सगळं उलटं समजा). म्हणजे क्रँक उजवीकडचा पट्टा खाली ओढत असतो, ती ताणाची बाजू. टेन्शनर डावीकडे, ढिलाईच्या बाजूला. आता तुम्ही बेल्ट चढवलात आणि उजव्या बाजूला थोडीशी ढील राहिली, बोटाने जाणवेल न जाणवेल एवढी, तर मार्क तर जुळलेलेच दिसतात. पण क्रँक फिरवला की तो आधी ती ढील खातो आणि मग कॅमला हलवतो, तेवढा कॅम मागे राहतो. ढील अर्ध्या दातापेक्षा जास्त असेल तर सरळ पुढचा दात बसतो. आमच्या मेकॅनिकचंही हेच झालं असणार, मार्का मिला के डाला, पण फिरवून बघितलं नाही.

म्हणून बेल्ट चढवायचा क्रम. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर, बेल्टच्या बाजूचं पुढचं चाक उतरवलेलं, सगळे प्लग काढलेले म्हणजे इंजिन हाताने मऊ फिरतं. टेन्शनर मागे ढकलून बांधा. बेल्ट आधी खाली क्रँकच्या पुलीवर. मग उजवा पट्टा वर ओढत कॅमपर्यंत. कॅमची पुली पान्याने पकडून अर्धा दात घड्याळाच्या दिशेने पुढे न्या, तिथे बेल्टचा दात बसवा, आणि मग कॅम हळूच मागे आपल्या खुणेवर आणा, उजवा पट्टा तारेसारखा ताणला जातो. उरलेली सगळी ढील आता डावीकडे, टेन्शनरच्या पोटात. मग टेन्शनर सोडा, स्प्रिंगने तो स्वतः बेल्टवर येऊन बसतो, आणि *अजून* बोल्ट कसू नका.

इथे एक वैताग होऊ शकतो, खुणेवर आणलेला कॅम हात सोडला की टपकन पुढे किंवा मागे उडतो. कॅमचा लोब (व्हॉल्व्ह दाबणारा उंचवटा) व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर उतारावर असला की स्प्रिंग त्याला ढकलते, इंजिनचा दोष नाही. कोणाला तरी पाना धरून उभं करा. माझ्या वेळी बायको उभी होती, दहा मिनिटं पाना धरून, आणि तिने विचारलं की हे काम गॅरेजवाला एकटा कसं करतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता गोटी पाना क्रँकच्या बोल्टला लावा आणि पूर्ण दोन फेरे हाताने, सावकाश, घड्याळाच्या दिशेनेच. कॅमच्या बोल्टने इंजिन कधीही फिरवू नका. फिरवताना कुठे कडक अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं, पिस्टन व्हॉल्व्हला भिडत असेल. ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागेत येतात तिथे बेल्ट चुकला की व्हॉल्व्ह वाकतात. आपलं इंजिन तसं आहे की नाही ते माहीत नसेल तर आहेच असं धरून चाला. हाताने फिरवलं तर फक्त अडतं, सेल्फ मारला तर वाकतं, एवढाच फरक आहे आणि तो बराच महाग आहे.

एक फेरा झाल्यावर क्रँकची खूण जागेवर येईल आणि कॅमची बरोबर उलट बाजूला, खाली. घाबरू नका, दुसऱ्या फेऱ्याला वर येते. आणि व्हाइटनरच्या रेघा मारल्या असतील तर दोन फेऱ्यांनंतर बेल्टवरच्या रेघा पुलीवरच्या रेघांशी जुळणार नाहीत, बेल्टचे दात दोन फेऱ्यांत पूर्ण फिरून परत येत नाहीत, तो पुढे सरकलेला असतो. मी हे पाहून पहिल्यांदा सगळं परत उघडलं होतं, अर्धा रविवार गेला. पुलीच्या खुणा बघायच्या, बेल्टच्या नाही.

दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा समोर आल्या की मग टेन्शनरचा बोल्ट कसा, मॅन्युअलमधल्या टॉर्कने (कसायच्या ठरलेल्या जोराने), आणि कसल्यावर परत दोन फेरे आणि परत फोटो. कसताना टेन्शनर बोल्टबरोबर फिरून बेल्ट जास्त ताणतो कधी कधी, मग गाडी सुरू झाल्यावर घूं असा आवाज येतो. आवाज आला तर ढिलं करून परत, "बाद में सेट हो जाएगा" असं काही नसतं.

एवढं करूनही खूण जराशी चुकतेय, पूर्ण दात नाही, पुढे केलं तर पुढे आणि मागे केलं तर मागे? मग आधी फोटो सरळ काढलाय ना ते बघा. तो सरळ असेल तर हेडची (सिलिंडरवरचा भाग, ज्यात कॅम आणि व्हॉल्व्ह असतात) हिस्टरी आठवा. हेड गरम होऊन कधी घासून घेतलं असेल तर कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी झालेलं असतं, उजवा पट्टा तेवढा आखूड लागतो आणि कॅम जरासा मागे बसतो. थोडासा फरक चालून जातो, दोन पर्यायांत जो खुणेच्या जास्त जवळ तो घ्यायचा.

आणि ज्यांचं टाइमिंग बसवल्यावर बरोबर असतं पण काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा सरकतं, त्यांनी बेल्टला शिव्या देणं बंद करून क्रँकच्या पुलीची चाबी बघावी. तो छोटासा लोखंडी तुकडा पुलीला क्रँकवर जागेवर धरतो. मधला मोठा बोल्ट मागच्या वेळी नीट टॉर्कला कसला नसेल तर पुली त्या चाबीवर हलत राहते आणि खाच रुंद होत जाते. बेल्ट काढल्यावर आतली पुली हाताने पकडून मागेपुढे हलवून बघा, जराही खटखट जाणवली तर नवी चाबी, बहुतेक वेळा नवी पुली, आणि क्रँकवरची खाचच खराब असेल तर टर्नरकडे जायची वेळ आली. दुसरं कारण तेल. कॅमच्या किंवा क्रँकच्या सीलमधून तेल गळून बेल्टवर येत असेल तर नवा बेल्टही फुगतो आणि दात सोडतो. मी तिसऱ्या वेळी दोन्ही सील आणि टेन्शनरची बेअरिंग सोबतच बदलली. ज्यांचा वॉटर पंप टाइमिंग बेल्टवरच फिरतो त्यांनी तोही त्याच वेळी बघावा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच सगळं उघडायचं.

काम संपल्यावर डिस्ट्रिब्युटर परत मध्यात आणला, स्ट्रोबने टाइमिंग सेट केलं, हे विसरू नका, कारण चुकलेल्या कॅमसाठी तो पुढे सरकवलेला असतो आणि तसाच ठेवला तर आता स्पार्क फार लवकर पडेल, चढावर इंजिन टकटक करेल. कॉम्प्रेशन परत मोजलं, १५८, १६०, १५७. पुढच्या रविवारी एकटाच भेरू घाटात गेलो, तिसऱ्यात चढली, कुरकुरत, पण ती तशी बाबांच्या वेळीही कुरकुरायची.

एकच गोष्ट राहिली. तुमचं सगळं जुळलं, दोन फेरे, फोटो, सगळं, आणि तरी एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा खूप खाली आहे, तर ते आता बेल्टचं काम नाही. चुकलेल्या टाइमिंगवर कोणीतरी सेल्फ मारला असेल आणि व्हॉल्व्ह वाकला असेल. त्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून, व्हॉल्व्ह बंद असलेल्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना), कंप्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. कार्बुरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. मग हेड उतरवायचं.